होडीचा ट्रेलर ओढणाऱ्या पिकअपला मागून आधार कोणता द्यावा?

ट्रेलर लावला, पिकअप मागून बसली, हेडलाइट माडांच्या शेंड्यांवर पडायला लागले, की गॅरेजमध्ये एकच उपाय ऐकू येतो: "गाडी बसता, एक पाटो वाढवूया." म्हणजे मागच्या स्प्रिंगमध्ये आणखी एक पोलादी पट्टी, पाटा, घालायची. मोजमाप न करता दिलेला हा सल्ला मला मुळीच पटत नाही. मासेमारी १ जूनला बंद होते आणि फायबरच्या होड्या वर ओढायची घाई उडते, तेव्हा गॅरेजवाल्याला श्वास घ्यायला वेळ नसतो. एप्रिलातच हे काम उरका.

आधी वजन. होडी, इंजिन, डिझेल, जाळी यांच्यासकट ट्रेलर वजनकाट्यावर घाला. मग हुकावर बसणाऱ्या दांडीचा भार वेगळा मोजा. एकूण वजनाच्या साधारण १० टक्के भार दांडीवर असला की ट्रेलर सरळ चालतो. त्याहून फार कमी असेल तर ट्रेलर शेपटी हलवतो आणि गाडीची मागची बाजू कितीही भक्कम केली तरी ते थांबत नाही. होडी ट्रेलरवर थोडी पुढे सरकवा.

आता हिशेब. दांडीवर १५० किलो, हूक मागच्या एक्सलच्या १.२ मीटर मागे, दोन एक्सलमधलं अंतर ३ मीटर. मागच्या एक्सलवर १५० नाही, २१० किलो वाढतात, आणि पुढच्या एक्सलवरचे ६० किलो कमी होतात. त्यात रिकाम्या गाडीचं मागच्या एक्सलवरचं वजन आणि हौद्यातला माल धरा आणि बेरीज मागच्या एक्सलच्या मर्यादेशी ताडून बघा. मर्यादा ओलांडत असेल तर पाटा, रबरी ठोकळा, एअर बॅग (स्प्रिंगला आधार देणारी हवेची पिशवी) यांपैकी काहीही उपयोगाचं नाही. माल कमी करा. आधाराने गाडीची उंची बदलते. एक्सल, बेअरिंग, टायर आणि ब्रेक यांची ताकद तेवढीच राहते.

मग सपाट जागी चारही चाकांच्या मधल्या बिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजा. एकदा रिकाम्या गाडीची, एकदा ट्रेलर लावून.

खरी मेख पुढे आहे. मागची बाजू किती उचलायची? माझंही इथेच बराच काळ अडत होतं, कारण ज्याला विचारावं तो म्हणे, "रिकामी असताना होती तेवढी." हे साफ चुकीचं आहे. पिकअप रिकामी असताना मागून मुद्दाम उंच ठेवलेली असते. भार आल्यावर ती थोडी बसायलाच हवी.

खाली वाकून मागच्या एक्सलकडे नीट बघा. बऱ्याच पिकअपमध्ये चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, एक छोटा व्हॉल्व्ह असतो आणि त्याची दांडी किंवा स्प्रिंग एक्सलला जोडलेली असते. चासी बसली की दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. तुम्ही पाटा घालून चासी वर उचललीत, की व्हॉल्व्हच्या लेखी गाडी रिकामी. भार पाठीवर आहे आणि नेमका तेव्हाच मागचा ब्रेक कमी लागतो. रत्नागिरीच्या सपाट रस्त्यावर हे कळणार नाही. आंबा घाट उतरून साखरप्याकडे येताना कळेल, पुढचे ब्रेक तापून वास सुटेल तेव्हा. म्हणून व्हॉल्व्ह असेल तर आधार बसवल्यावर त्याचं सेटिंग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधूनच तपासून घ्या. दांडी तारेने वर बांधून ठेवणारे मी पाहिलेत. तसं कुणी सुचवलं तर गाडी तिथून काढा.

माझं माप असं: ट्रेलर लावल्यावर गाडी जितकी बसते, त्यातली निम्मी उंची परत मिळवायची, त्याहून जास्त नाही. आणि मागून उचलल्याने पुढचे ते ६० किलो परत येत नाहीत, हे पक्कं लक्षात ठेवा. गाडी सरळ दिसते, पण स्टिअरिंग हलकंच राहतं. हौद्यातला जड माल केबिनला टेकवून ठेवलात तर पुढचं वजन आणखी कमी होत नाही.

निवड आता सोपी आहे. बारा महिने लादलेली गाडी असेल तर जादा पाटा. अधूनमधून ट्रेलर लावणाऱ्याने तो घालू नये; रिकामी गाडी पावसात ओल्या जांभ्याच्या चढावर मागून उड्या मारते. होडी उतरवायला वाळूत आणि खाऱ्या पाण्यात जात असाल तर बंप स्टॉपच्या (एक्सल चासीवर आपटू नये म्हणून असलेल्या रबराच्या) जागी बसणारा जाड रबरी ठोकळा घ्या. तो भार आल्यावरच टेकतो आणि त्यात हवा गळायचा प्रश्न नाही. एअर बॅग डांबरी रस्त्यावर वेगवेगळ्या वजनाचे ट्रेलर नेणाऱ्यासाठी चांगली. दोन्ही बाजूंच्या नळ्या वेगळ्या घ्या, सायलेन्सरपासून लांब ठेवा आणि रिकाम्या गाडीतही कंपनीने सांगितलेली किमान हवा राहू द्या.

बसवताना यू-बोल्ट (पाटे एक्सलला आवळणारे वाकडे बोल्ट) नवेच घाला आणि थोडे दिवस चालवून पुन्हा आवळा.

किनाऱ्यावरून आलात की त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवा. पाट्यांच्या मधल्या फटीत आणि यू-बोल्टच्या मुळाशी पाण्याची धार धरून ठेवा, वाळू बाहेर येणं थांबेपर्यंत. लोखंडाला गंजरोधक लावताना रबरावर तेल किंवा ग्रीस अजिबात येऊ देऊ नका. रबर फुगतं आणि मग चिरतं.