समुद्राकडच्या स्लॅबच्या मालात नॅनो सिलिका कशी टाकायची
खारं वारं सळया खातंच, आमच्या पडवीच्या स्लॅबचे पोपडे निघून गंजलेली सळई दिसली तेव्हा पटलं. नॅनो सिलिका (वाळूत असते त्याच सिलिकाची अतिबारीक पूड) सिमेंटमधल्या चुन्याशी रिॲक्ट होऊन बारीक छिद्रं बुजवते, मग सळया गंजवणारं क्लोराईड (खाऱ्या हवेतल्या मिठाचा अंश) आत शिरायला वेळ लागतो. पावडर असेल तर सिमेंटच्या १ ते २ टक्के, म्हणजे ५० किलोच्या गोणीला अर्धा ते एक किलो, पण ती मालात कोरडी ओतू नका, गुठळ्या होतात आणि पैसे फुकट, आधी मोजलेल्या पाण्यात ड्रिलच्या मिक्सरने नीट घुसळा, तोंडाला मास्क लावून हां. माल पटकन घट्ट होतो, गवंडी लगेच पाणी ओतायला बघणार, त्याला थांबवा, प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन) टाका. क्युरिंग (स्लॅब ओला ठेवणं) गोड्या पाण्यानेच, विहीर मचूळ असेल तर टँकर मागवा.