आपलं शहर आपोआप वाढलंय की आखलेलं, हे कसं बघायचं

१९६५ मध्ये ख्रिस्तोफर अलेक्झांडर नावाच्या आर्किटेक्टने एका निबंधात म्हटलं की इटलीतलं सिएना, जपानमधलं क्योतो ही हळूहळू घडलेली म्हणून नैसर्गिक शहरं आणि चंदीगड, ब्राझीलची राजधानी ब्राझिलिया ही कागदावर आखलेली म्हणून कृत्रिम. कृत्रिम शहरात प्रत्येक गोष्ट आपापल्या खान्यात असते, जुन्यात एकाच जागेत चार कामं एकमेकांत गुंतलेली असतात, आणि आपल्याला बघायचंय ते हे गुंतणं.

अख्खं शहर घेऊ नका, एक जागा निवडा. समजा पुण्यातली तुळशीबाग. संध्याकाळी अर्धा तास एका कडेला उभे राहा आणि वहीत लिहा कोण कशासाठी आलंय. मध्ये राममंदिर, भोवती भांडी, बांगड्या, पूजेचं सामान, शिवाय मंडईकडे जायचा रस्ता, म्हणजे दर्शनाला आलेली बाई जाताजाता चहाची गाळणी घेते आणि पुढे भाजीला जाते, तिला तीन वेगळ्या ठिकाणी जावं लागत नाही.

मग विचारा, ही वस्ती वसवली कोणी? इथे भलेभले चुकतात. गल्ल्या वाकड्यातिकड्या म्हणजे आपोआप वाढलेलं, असं नसतं हो! पेशवाईत कितीतरी पेठा सरकारी हुकमाने वसल्या, पेठेचा कारभार बघायला शेटे-महाजन नेमले, करात सूट दिली, कात्रजहून नळाने पाणी आणलं. प्लॅनिंगच होतं ते, फक्त कुठल्या वाड्याच्या ओट्यावर कोण काय विकणार हे कोणी ठरवलं नव्हतं.

उलट बाजूने नवी मुंबई बघा. १९७० ला हे शहर वसवणारी सरकारी कंपनी, सिडको, झाली, नोड म्हणजे आखलेली छोटी उपनगरं आली, त्यांत सेक्टर आले, पण सॅटेलाइट मॅप झूम केलात की सरळ रस्त्यांच्या मध्येच जुन्या गावठाणाचा दाट ठिपका दिसतो. तिथे चालत जा, आणि नंतर सेक्टरमध्येही फिरा, राहण्यासाठी बांधलेल्या घरात कुठे क्लास, कुठे शिवणकाम सुरू झालंय ते टिपा. माझ्या मते नैसर्गिक की कृत्रिम यापेक्षा आखणाऱ्याने लोकांना बदल करायला जागा ठेवली का, हे जास्त महत्त्वाचं आहे.

ही वही जपून ठेवा. डीपीवर, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यावर, हरकती-सूचना मागवतात तेव्हा "आमचा चौक वाचवा" एवढंच लिहू नका, सकाळी सातला तिथे दूधवाले, दुपारी शाळेच्या रिक्षा, रात्री भुर्जीची गाडी असं वेळेसकट लिहून द्या, कारण नकाशावर तिथे फक्त रस्ता दाखवलेला असतो.