पहाटेच्या सफारीला रद्दी पेपर न्या

डिसेंबर-जानेवारीत नागपूरहून पेंचच्या सिल्लारी गेटला किंवा उमरेड-कऱ्हांडल्याला सकाळच्या सफारीला गेलात, की उघड्या जिप्सीत वारा स्वेटरमधून आरपार जातो. गाडी थांबली की बरं वाटतं, चालली की दात वाजतात. लहान मुलं तर वाघ बघायचंच विसरतात.

गाडीत बसण्याआधीच पेपरची तीन-चार पानं घडी करून स्वेटर आणि जॅकेटच्या मधे छातीवर सपाट बसवा, चेन गळ्यापर्यंत लावा. कान दुपट्ट्यानं बांधा, मांडीवर घरचं ब्लँकेट. वारा छातीला लागतच नाही.

ऊन चढलं की पेपर काढून पिशवीत कोंबा. मात्र जनावर जवळ असताना नाही, खरखर लांबवर ऐकू जाते. आणि एकही पान जंगलात उडता कामा नये.