व्हिडिओसाठी छोटा टॅब बदलताय? आधी या चुका टाळा

"टॅब जुना झालाय, व्हिडिओ अडकतात. नवीन कोणता घेऊ?"

हा प्रश्न महिन्यातून दोनदा तरी माझ्याकडे येतो. हल्ली मी उत्तर देतच नाही, उलट विचारतो, "तोच व्हिडिओ डाउनलोड करून, फ्लाइट मोडवर लावून पाहिलास का?" पलीकडे शांतता. नव्या टॅबचे कोअर किती, रॅम किती, हे तोंडपाठ असतं. हातातल्याला नेमकं काय झालंय, ते मात्र कुणी बघितलेलं नसतं.

गोल चक्र दिसलं की टॅबला दोष देणं

व्हिडिओ अडकण्याचे दोन प्रकार आहेत आणि जरा लक्ष दिलं तर ते वेगळे ओळखू येतात. चित्र थांबतं, मधोमध चक्र फिरतं आणि मग पुढे सुरळीत चालतं, तेव्हा टॅबपर्यंत माल वेळेत पोचत नसतो. दोष वायफायचा किंवा नेटचा. आवाज मात्र नीट चालू आणि चित्र झटके खात पुढे सरकतंय, तर माल पोचलाय, टॅबला तो उलगडणं झेपत नाहीये. पहिल्या प्रकारात नवीन टॅब घेतला तर नव्या कोऱ्या पडद्यावर तेच चक्र बघायला मिळेल.

म्हणून फ्लाइट मोडची परीक्षा. पाच मिनिटांचं काम आहे, खर्च शून्य. डाउनलोड केलेला व्हिडिओ लोण्यासारखा चालला, तर टॅब खाली ठेवा आणि राउटर कुठे आहे ते बघायला उठा. नेटफ्लिक्स ७२०पी (म्हणजे चित्रात ठिपक्यांच्या ७२० आडव्या ओळी) साठी ३ आणि १०८०पी साठी ५ एमबीपीएस वेग सुचवतं. एवढा वेग बहुतेक जोडण्यांमध्ये असतो, तो फक्त तुमच्या खोलीपर्यंत येत नाही. जुने, स्वस्त टॅब बऱ्याचदा वायफायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर चालतात आणि त्या पट्ट्यात आजूबाजूचे सगळे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हसुद्धा गर्दी करून असतात. मी टॅब राउटरपासून हातभर अंतरावर ठेवतो आणि तोच व्हिडिओ पुन्हा लावतो. तिथे चालला की विषय संपला.

एका मित्राचा राउटर लोखंडी कपाटाच्या मागे, जमिनीवर पडलेला होता. आम्ही तो उचलून कपाटाच्या डोक्यावर ठेवला आणि जुना टॅब शहाण्यासारखा चालायला लागला. नव्या टॅबची ऑर्डर तोवर गेली होती. रद्द करता येत होती, पण त्याने केली नाही. हौसेला मोल नसतं हे मान्य, पण मग हौस म्हणून घेतला असं सांगावं, 'अडकत होता' म्हणून नाही.

उठसूट फॅक्टरी रीसेट

घाई असलेल्यांचा हा लाडका उपाय. सगळं पुसतात, दोन तास ॲप पुन्हा टाकतात, डाउनलोड गमावतात, आणि मग कळतं की स्टोरेज शिगोशीग भरलं होतं एवढंच. छोट्या स्वस्त टॅबमध्ये बहुधा ईएमएमसी प्रकारचं स्टोरेज असतं. मुळात ते धिमं आणि काठोकाठ भरलं की आणखी रडतं. मी पाचवा हिस्सा तरी मोकळा ठेवतो. बघून झालेले डाउनलोड आधी उडवतो, मग वापरात नसलेली ॲप, मग एकदा बंद करून चालू. रीसेट अगदी शेवटी, आणि तोही कंटाळा आला असेल तरच.

खोक्यावरचे आकडे वाचून घेणं (ही चूक मी केली आहे)

माझा जुना आठ इंची टॅब १२८० बाय ८०० चा होता. तक्रार काही नव्हती, पण काहीतरी नवीन घ्यायची खाज होती. मग १९२० बाय १२०० चा पडदा, दुप्पट रॅम आणि आठ कोअरचा एक टॅब घेतला. कंपनीचं नाव सांगत नाही. पहिल्या संध्याकाळी नेटफ्लिक्सवर एक सिनेमा लावला आणि काहीतरी खटकायला लागलं. खालची सबटायटल सुईसारखी टोकदार दिसत होती, पण त्यांच्या वरचे चेहरे तेलकट काचेतून पाहिल्यासारखे. दाढीचे केस वेगळे दिसत नव्हते, भिंतीवरच्या सावल्यांचे चौकोन पडत होते. जुना टॅब शेजारी ठेवून तोच प्रसंग लावला. जुन्यावर चित्र स्वच्छ!

दोन संध्याकाळी घालवल्या. वायफाय बदलून पाहिलं, ॲप काढून पुन्हा टाकलं, क्वालिटी 'हाय'वर नेली. शेवटी ॲपच्या सेटिंग्जमध्ये 'प्लेबॅक स्पेसिफिकेशन' नावाचा एक कोपरा सापडला. तिथे लिहिलं होतं: वाइडवाइन एल३. परतीची मुदत दोन दिवसांपूर्वी संपली होती.

वाइडवाइन म्हणजे अँड्रॉइडवरचं गूगलचं कुलूप. पैसे भरून बघायचे सिनेमे आणि मालिका कुलूपबंद येतात आणि टॅबमध्ये त्या उघडल्या जातात. हे काम चिपमधल्या सुरक्षित कप्प्यात होत असेल तर ती पातळी एल१. नुसत्या सॉफ्टवेअरवर भागवलेलं असेल तर एल३. एल३ असलेल्या टॅबवर नेटफ्लिक्स एसडीच्या वर, म्हणजे साधारण ४८०पी च्या वर, चित्र देतच नाही. मग पडदा कितीही भारी असू दे. सबटायटल स्पष्ट होती कारण ती ॲप स्वतः पडद्यावर काढतं, ती चित्राचा भाग नसतात. सबटायटल स्पष्ट आणि चेहरे धूसर दिसले की मी आता दुसरं काही शोधतच नाही.

गंमत म्हणजे त्याच टॅबवर यूट्यूब फुल एचडीत झकास चालतं, कारण तिथल्या साध्या व्हिडिओंना हे कुलूप नसतं. त्यामुळे 'मी यूट्यूब लावून बघितलं, पडदा मस्त आहे' हे प्रमाणपत्र माझ्या लेखी बाद. आणि एल१ दिसलं म्हणूनही निश्चिंत होऊ नका. नेटफ्लिक्स एचडीसाठी स्वतः मान्य केलेल्या उपकरणांचीच यादी ठेवतं, म्हणून ॲपमधलं ते पान कमाल रिझोल्यूशन काय दाखवतं ते वाचायचं. खोकं उघडल्यावर पहिल्या तासाच्या आत मी हे एकच काम करतो. कव्हर, वॉलपेपर, सगळं नंतर. जुन्या टॅबचा बूटलोडर (टॅब सुरू करणारा प्रोग्राम) उघडून त्यात नवीन रॉम (बाहेरची अँड्रॉइड) टाकणाऱ्या हौशी मंडळींसाठी वेगळी सूचना: बऱ्याच उपकरणांत असं केलं की एल१ जाऊन एल३ होतं. आयपॅडला या भानगडीतून सुटका आहे, तिथे ॲपलची फेअरप्ले ही वेगळी पद्धत चालते.

रॅमचे मोठे आकडे. '४ + ४ जीबी' यातला दुसरा ४ बहुतेक वेळा स्टोरेजमधून उसना घेतलेला असतो. त्याला रॅम म्हणणं म्हणजे माळ्याला खोली म्हणणं.

'४के सपोर्ट'. फाइल उलगडता येते एवढाच अर्थ. पडद्यावर ठिपके आहेत तेवढेच राहतात.

१२० हर्ट्झ. म्हणजे पडदा सेकंदाला १२० वेळा ताजा होतो. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, म्हणजे २४ चित्रांचा. १२० ला २४ ने पूर्ण भाग जातो, ६० ला जात नाही, त्यामुळे थोडा फरक तत्त्वतः आहे. निव्वळ व्हिडिओसाठी मी त्याचे जादा पैसे मोजणार नाही.

इंच मोजणं, चित्र न मोजणं

टॅबचे इंच म्हणजे पडद्याचा कर्ण. तुम्ही बघता ते चित्र, पडदा नव्हे. माझी सवय थोडी पोरकट आहे: मी पुठ्ठ्यातून चित्राच्या मापाचा तुकडा कापतो आणि जिथे बसून बघणार तिथे धरून बघतो. हसा खुशाल, पण यामुळे दोन जणांचे पैसे वाचलेत.

नेहमीचा १६:९ चा (रुंदी १६ तर उंची ९) व्हिडिओ धरू. ६.७ इंची लांबोडक्या फोनवर त्याचं चित्र कर्णात जेमतेम ५.६ इंच भरतं. आठ इंची १६:१० टॅबवर ७.८ इंच, म्हणजे क्षेत्रफळ जवळपास दुप्पट. जुन्या ७.९ इंची आयपॅड मिनीचा पडदा ४:३ चा, म्हणून तिथे पाव पडदा काळ्या पट्ट्यांत जातो आणि चित्र सव्वासात इंचांवर येतं. २०२१ पासूनच्या ८.३ इंची मिनीवर ते आठ इंचांच्या आसपास. म्हणजे आठ इंची अँड्रॉइड टॅब सोडून केवळ 'मोठ्या चित्रासाठी' मिनी घेणाऱ्याच्या पदरात दोन दशांश इंच पडतात. मिनी घ्यायला इतर कारणं आहेत, हे कारण नाही.

आणखी एक खोच. २.३९:१ चे रुंद सिनेमेच बघत असाल तर त्याच फोनवर चित्राची रुंदी सुमारे १५.५ सेंटिमीटर भरते आणि आठ इंची टॅबवर १७ च्या थोडी वर. पट्टी घेऊन बघा, दीड-पावणेदोन सेंटिमीटरचा प्रश्न आहे. अशा माणसाने छोट्या टॅबवरून दुसऱ्या छोट्या टॅबवर जाण्यात काय हशील? त्याने एक तर फोनवर बघावं, नाहीतर सरळ दहा-अकरा इंचांवर जावं. मधलं दुकान बंद.

रिझोल्यूशनचंही तसंच. १२८० बाय ८०० च्या पडद्यावर १६:९ चं चित्र बरोबर १२८० बाय ७२० ठिपक्यांत बसतं. म्हणजे ७२०पी चा व्हिडिओ तिथे ठिपक्याला ठिपका जुळून येतो. त्यावर १०८०पी लावून 'टॅब तापतो' म्हणणाऱ्याला मी काय बोलणार? आणि आठ इंचांवर हे ठिपके इंचाला १८९ पडतात. हातभर अंतरावर स्टँडवर ठेवून बघणाऱ्याच्या नजरेला ते एकेकटे दिसायचे नाहीत. नाकाला लावून, आडवं पडून बघत असाल तर दिसतील, आणि मग १९२० बाय १२०० चा आग्रह रास्त आहे.

झटके खाणाऱ्या टॅबवर बिटरेट, कोअर असल्या चर्चा करणं

चर्चा नको, बघा. यूट्यूब ॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' चालू होतं. मग व्हिडिओच्या मेनूतून ती छोटी काळी पाटी पडद्यावर आणायची. त्यात कोडेक (व्हिडिओ आवळून लहान करायची पद्धत) आणि गळालेल्या फ्रेम दोन्ही दिसतात. कोडेकच्या जागी 'एव्हीसी१' म्हणजे २००३ सालचा जुनाजाणता एच.२६४, 'व्हीपी०९' म्हणजे व्हीपी९, 'एव्ही०१' म्हणजे २०१८ मध्ये आलेला एव्ही१. जुन्या चिपमध्ये एव्ही१ उलगडायची वेगळी सोय नसते. मग ते ओझं प्रोसेसर वाहतो, पाठ तापते, बॅटरी उतरते आणि गळालेल्या फ्रेमचा आकडा डोळ्यांदेखत वाढत जातो. मी आधी क्वालिटी एक पायरी खाली आणतो. आकडा थांबला तर टॅब अजून कामाचा आहे. ४८०पी वरसुद्धा वाढत राहिला तर मात्र त्याची वेळ झाली, आणि नवीन घेताना चिपमध्ये एव्ही१ आहे का एवढं विचारून घ्या. नेटफ्लिक्सने अँड्रॉइडवर २०२० पासूनच एव्ही१ वापरायला सुरुवात केली आहे, त्यामुळे ही गरज कमी होणार नाही.

मॅट स्क्रीन गार्ड. चकाकी जाते आणि चित्रावर बारीक रवाळ थर चढतो. एक जण पडदा खराब झाला म्हणून टॅब विकायला निघाला होता. मी गार्ड नखाने सोलून काढला.

आवाज विसरणं. एकाच बाजूला स्पीकर असेल तर आडवा धरल्यावर तळहात नेमका त्यावरच येतो. घ्यायच्या आधी एकदा आडवा धरा. ३.५ मिमी जॅक लागत असेल तर तो आहे का बघा, हल्ली बरेच जण तो गुपचूप काढून टाकतात.

ॲप कधी बंद पडणार, हे न बघणं. टॅब धडधाकट असून निकामी होण्याचं खरं कारण हे. २०१५ चा आयपॅड मिनी ४ आयपॅडओएस १५ वर थांबला, पुढची आवृत्ती त्याला मिळालीच नाही. अशा टॅबवर ॲप जुन्या आवृत्तीवर काही काळ चालतात आणि मग एके दिवशी 'अपडेट करा' म्हणतात, अपडेट तर उपलब्ध नसतं. तोवर वापरा. ब्राउझरमध्ये चालतंय का तेही एकदा बघा. म्हणूनच वापरलेला टॅब घेताना मी त्याचं वय आधी विचारतो, ओरखडे नंतर.

फुगलेली बॅटरी 'चालतेय तोवर' चालवणं

आठ तासांची बॅटरी चार तासांवर आली तर ते म्हातारपण आहे. चार्जरजवळ बसून बघणाऱ्याला त्यासाठी टॅब बदलायची गरज नाही. पण पडद्याची कड एका बाजूने उचललेली दिसली, मागची बाजू सपाट टेबलावर डुलायला लागली किंवा पडद्यावर मधेच पिवळट डाग पडला, तर ती फुगली असण्याची शक्यता मोठी. कायम शंभर टक्क्यांवर चार्जिंगला लावून ठेवलेल्या टॅबमध्ये मी हे जास्त पाहिलंय. लोक पडदा अंगठ्याने दाबून परत बसवायला बघतात, एकाने तर रबर बँड लावला होता. दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका. बंद करा, पेटणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे किंवा दुरुस्ती केंद्रात द्या. अशा टॅबवाल्याला मी डाउनलोड करून पाहिलंस का, असं विचारत नाही.