कॅमेऱ्यातल्या फोटोंना जागेची नोंद कशी जोडावी

कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर, पन्हाळा आणि राधानगरी तालुक्यांतल्या गावांमधून वीरगळांचे, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळांचे, फोटो काढत हिंडणाऱ्याला एक अडचण हमखास येते. खालच्या चौकटीत लढाई, तिच्यावर वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, ही मांडणी बहुतेक गावांत सारखीच असते आणि दगडही तोच काळा असतो. एका दिवसात चार गावे झाली, की कोणता वीरगळ कोणत्या देवळामागचा हे संध्याकाळपर्यंत आठवते, पण दोन वर्षांनी आठवत नाही. माझ्या संग्रहात असे काही फोटो आहेत ज्यांचे गाव मला आजही सांगता येत नाही, आणि अभ्यासाच्या दृष्टीने असा फोटो जवळजवळ निरुपयोगी ठरतो. म्हणून गेली काही वर्षे मी प्रत्येक फोटोला अक्षांश-रेखांश जोडूनच तो साठवतो. त्याची पद्धत येथे सविस्तर देत आहे.

फोटोच्या फाइलमध्ये चित्राबरोबरच एक्झिफ नावाची माहिती साठवलेली असते. फोटो कधी काढला, कोणत्या कॅमेऱ्याने काढला, शटरचा वेग किती होता, हे सारे तिथे असते आणि अक्षांश, रेखांश व उंची यांसाठीही तिथेच जागा राखलेली असते. मोबाइल ही जागा स्वतः भरतो. बहुतेक डीएसएलआर आणि मिररलेस कॅमेऱ्यांत जीपीएस नसल्यामुळे ती रिकामी राहते. निकॉनचे स्नॅपब्रिज किंवा कॅननचे कॅमेरा कनेक्ट यांसारखी अॅप्स वापरून काही नव्या कॅमेऱ्यांना ब्लूटूथवरून फोनचे स्थान देता येते. आपल्या कॅमेऱ्यात ती सोय असल्यास ती आधी वापरून पाहावी. माझ्या जुन्या कॅमेऱ्यात ती नाही, म्हणून मी कोणत्याही कॅमेऱ्याला चालणारी पद्धत वापरतो: फोन दिवसभर आपल्या वाटेची नोंद करत राहतो, आणि घरी आल्यावर संगणकावर ती वाट व फोटो यांची सांगड घातली जाते. ही सांगड केवळ वेळेच्या आधारे घातली जाते. सकाळी ७ वाजून १२ मिनिटांनी फोटो काढला असेल, तर त्या क्षणी फोन जिथे होता ती जागा त्या फोटोला मिळते. त्यामुळे या सगळ्या कामात सर्वाधिक काळजी घ्यायची ती कॅमेऱ्याच्या घड्याळाची.

हे घड्याळ मोबाइलसारखे आपोआप दुरुस्त होत नाही. ते हळूहळू मागे किंवा पुढे सरकते, आणि कॅमेरा बॅटरीविना बराच काळ पडून राहिला तर त्याची तारीखही मूळपदावर जाऊ शकते. पन्हाळ्याच्या एका फेरीत मला याचा चांगलाच फटका बसला. तीन दरवाजाच्या कोरीव कामाचे फोटो नकाशावर भलतीकडेच, वाटेतल्या मोकळ्या जागेत पडले होते. शोध घेतल्यावर कळले, की कॅमेऱ्याचे घड्याळ ६ मिनिटे ४० सेकंद मागे होते. ताशी ५ किलोमीटर वेगाने चालणारा माणूस तेवढ्या वेळात सुमारे साडेपाचशे मीटर जातो. मोटरसायकलवर ताशी ६० किलोमीटरचा वेग धरला, तर एका मिनिटाची चूक म्हणजे एक किलोमीटर, आणि आपल्याकडे एका किलोमीटरमध्ये गाव बदलते.

यावर सोपा आणि पक्का उपाय आहे. निघण्यापूर्वी कॅमेऱ्याचे घड्याळ लावून घ्यावेच, पण त्यावर विसंबून न राहता दिवसाचा पहिला फोटो फोनच्या घड्याळाचा काढावा, आणि त्या घड्याळात सेकंद दिसत असावेत. समजा, त्या फोटोत फोनची वेळ ६:४२:१० दिसते आहे आणि फोटोच्या एक्झिफमध्ये ६:३५:३० अशी नोंद आहे. म्हणजे कॅमेरा ६ मिनिटे ४० सेकंद मागे आहे आणि दुरुस्ती करताना तेवढा वेळ मिळवायचा आहे. हा एक फोटो असला, की कॅमेऱ्याचे घड्याळ कितीही चुकीचे असले तरी काम अडत नाही. दोन कॅमेरे असतील तर दोन्हींनी तोच फोटो काढावा.

आता फोनवरच्या नोंदीकडे वळू. अँड्रॉइडवर जीपीएसलॉगर हे मोफत अॅप याच कामासाठी आहे. ओएसएमअँड हे नकाशाचे अॅप अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर मिळते आणि त्यातही प्रवासाची नोंद करता येते. नोंद जीपीएक्स या स्वरूपातच घ्यावी, कारण जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअर ते वाचते. पायी हिंडताना दर ५ ते १० सेकंदांनी एक बिंदू पुरेसा होतो. याहून महत्त्वाची गोष्ट बॅटरीच्या सेटिंगची आहे. अनेक फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालू असलेली अॅप्स परस्पर बंद करतात, आणि मग वाट अर्ध्यावरच तुटते. त्या अॅपला बॅटरीच्या बंधनातून मोकळीक द्यावी, स्थानाची परवानगी 'नेहमी' आणि 'अचूक' अशी ठेवावी, आणि पहिल्या गावात पोहोचल्यावर नोंद चालू आहे ना, हे एकदा पाहून घ्यावे. फोन पिशवीच्या तळाशी न ठेवता वरच्या कप्प्यात ठेवावा.

जीपीएसला मोबाइलचे नेटवर्क लागत नाही. दाजीपूरच्या जंगलात रेंज गेली तरी नोंद चालू राहते. मात्र फोन नेटवर्काबाहेर नव्याने सुरू केल्यास पहिले स्थान मिळायला जास्त वेळ लागतो, म्हणून रेंज असतानाच नोंद सुरू करावी. जीपीएसला आकाश मात्र लागते. उघड्यावर फोन साधारण ५ मीटरपर्यंत अचूक स्थान देतो, पण पन्हाळ्याच्या अंधारबावेत उतरल्यावर किंवा अंबरखान्याच्या जाड भिंतींआड गेल्यावर बिंदू इकडेतिकडे उड्या मारू लागतात, नाहीतर थांबतात. अशा वास्तूत शिरण्याआधी दाराशी मिनिटभर थांबून बाहेरून एक फोटो काढण्याची सवय मी लावून घेतली आहे. त्या फोटोचे स्थान भरवशाचे असते आणि तेच नंतर आतल्या फोटोंना देता येते.

घरी आल्यावर फोटो आणि जीपीएक्स फाइल संगणकावर एकाच फोल्डरमध्ये घ्यावी आणि सगळ्यांची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण आता मूळ फाइलमध्ये बदल होणार असतो. मी डिजिकॅम हे मोफत सॉफ्टवेअर वापरतो. ते विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालते. त्यात दिवसाचे सारे फोटो निवडून आयटम मेनूतून स्थान संपादनाची खिडकी उघडावी आणि जीपीएस कोरिलेटर या भागात जीपीएक्स फाइल घ्यावी. मग दोन गोष्टी भरायच्या असतात. पहिली म्हणजे कॅमेऱ्याचा टाइम झोन. जीपीएक्समधली वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते आणि आपले घड्याळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे असते, म्हणून येथे अधिक ५:३० निवडावे. हे चुकले तर बहुधा एकाही फोटोची जुळणी होत नाही. तसे झाल्यास बाकी कशाचा विचार न करता आधी टाइम झोन तपासावा. दुसरी गोष्ट म्हणजे बारीक फरक, आणि आपल्या उदाहरणात तो अधिक ६ मिनिटे ४० सेकंद असा भरायचा.

याच ठिकाणी दोन बिंदूंमधले स्थान हिशेबाने काढण्याचा पर्याय आणि बिंदूंमधले वेळेचे कमाल अंतर किती चालेल, याचे सेकंद ठरवता येतात. हे अंतर मोठे ठेवण्याचा मोह टाळावा. नोंद अर्धा तास बंद पडली असेल, तर सॉफ्टवेअर त्या दोन टोकांमध्ये सरळ रेघ धरून फोटोला एखाद्या उसाच्या फडात नेऊन ठेवते, आणि अशी खोटी जागा रिकाम्या जागेपेक्षा अधिक घातक असते. मी दोन मिनिटांहून जास्त अंतर चालू देत नाही. आज्ञा टंकून काम करण्याची सवय असणाऱ्यांसाठी एक्झिफटूल हे याहून वेगवान साधन आहे, पण त्यात ही मर्यादा मुळात १८०० सेकंद, म्हणजे अर्धा तास असते. ती आपण होऊन कमी करावी लागते. लाइटरूम क्लासिकच्या मॅप विभागातही हीच जुळणी करता येते.

जुळणीचे बटण दाबले, की नकाशावर फोटो दिसू लागतात, परंतु अजून काहीही जतन झालेले नसते. येथे घाई करू नये. ज्यांची जागा आपल्याला डोळे मिटून सांगता येईल असे तीन-चार फोटो निवडून उपग्रहचित्रावर पाहावेत. तीन दरवाजाचा फोटो गडाच्या पश्चिमेला आणि सज्जाकोठीचा पूर्वेच्या कड्यावर पडला, तर हिशेब बरोबर आहे. सगळेच फोटो वाटेवर सारख्याच अंतराने मागे किंवा पुढे सरकलेले दिसले, तर सेकंदांचा फरक किंवा त्याचे चिन्ह चुकले आहे. अधिकच्या जागी उणे भरले गेले, तर चूक दुप्पट होते. सारे ठीक दिसल्यावरच बदल लागू करावेत. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, फाइल असतील तर मूळ फाइलला हात न लावता माहिती शेजारच्या एक्सएमपी फाइलमध्ये लिहिण्याचा पर्याय सेटिंगमध्ये निवडावा आणि पुढे फाइल हलवताना ती जोडी तोडू नये.

उंचीच्या आकड्यावर मात्र फार विसंबू नये. जीपीएस मुळात पृथ्वीच्या एका गणिती पृष्ठापासूनची उंची मोजते. आपल्या भागात तिच्यात आणि समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत पन्नास मीटरांहून अधिक फरक पडू शकतो आणि ती दुरुस्ती सगळीच अॅप्स करतात असे नाही.

जुन्या फोटोंची वाट उपलब्ध नसते, तरीही ते सोडून द्यायचे कारण नाही. त्याच दिवशी फोनने एखादा फोटो काढला असेल, तर त्याचे स्थान कॉपी करून शेजारच्या फोटोंना देता येते. तोही नसल्यास नकाशावर देऊळ शोधून फोटो तिथे ओढून ठेवता येतो. खिद्रापूरच्या कोपेश्वरासारख्या ठळक ठिकाणी हे दोन मिनिटांचे काम आहे, परंतु बांधावरच्या एखाद्या सतीशिळेची जागा अंदाजाने ठेवली असेल, तर फोटोच्या मथळ्यात 'स्थान अंदाजे' असे स्पष्ट लिहावे.

शेवटचे काम फोटो दुसऱ्याला देण्याच्या वेळचे. अक्षांश-रेखांश जोडलेला फोटो पाहणाऱ्याला नेमका त्या जागेवर नेऊन उभा करतो, आणि उघड्यावर पडलेली सुटी मूर्ती, पक्ष्याचे घरटे किंवा कोणाच्या घराचे अंगण यांच्या बाबतीत हे नको असते. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला, तर ही माहिती निघून जाते. तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला, तर ती जशीच्या तशी पोहोचते. म्हणून मी स्थानासह असलेला मूळ संच स्वतःजवळ आणि प्रत्यक्ष अभ्यास करणाऱ्यांपुरता ठेवतो, आणि बाकी सर्वांसाठी स्थान काढून टाकलेली वेगळी प्रत तयार करतो, जिच्या मथळ्यात फक्त गाव आणि तालुका लिहिलेला असतो.