बॅकअपमधून मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं आली? या चुका टाळा

मायएसक्यूएल या डेटाबेसचा डंप (सगळा डेटा उतरवून घेतलेली बॅकअप फाइल) रिस्टोअर केला, म्हणजे परत आत भरला, आणि ग्राहकांच्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली, की बरेच जण लगेच टेबलवर अल्टर (टेबलची रचना बदलणारी कमांड) चालवतात. तिथंच खरी वाट लागते. आधी हात लावू नका, हेक्स फंक्शन (साठवलेला मजकूर कोडच्या रूपात दाखवणारं) चालवून आत नक्की कुठले बाइट्स आहेत ते बघा.

मराठी अक्षर नीट असेल तर त्याच्या कोडची ई०ए४ किंवा ई०ए५ ने (E0A4, E0A5) सुरुवात होते. सी३ए० (C3A0) दिसलं तर डेटा दोनदा एन्कोड झालाय, म्हणजे अक्षरांचं बाइट्समध्ये रूपांतर चुकून दोन वेळा झालंय, तो बहुतेक वेळा परत मिळतो. पण नुसतं ३एफ ३एफ (3F 3F) दिसलं तर ती खरीखुरी प्रश्नचिन्हं सेव्ह झालीत, त्यातून काही निघणार नाही, जुना बॅकअपच शोधा.

दोनदा एन्कोड झालेल्यासाठी डंप घेताना कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) लॅटिन१ द्यायचा, स्किप-सेट-कॅरसेट हा पर्याय लावायचा म्हणजे फाइलमध्ये कॅरेक्टर सेटची ओळ लिहिली जात नाही, आणि ती फाइल यूटीएफ८एमबी४ (मराठी आणि इमोजी दोन्ही बसणारा कॅरेक्टर सेट) म्हणून वेगळ्या टेस्ट डेटाबेसमध्ये आत घ्यायची, मूळ डेटाबेसवर अजिबात नाही, कारण त्याच टेबलात काही ओळी आधीपासून बरोबर असतील तर या रस्त्याने त्यांचीच प्रश्नचिन्हं होतात (हे फार कमी लोक सांगतात).

दुसरी चूक म्हणजे 'मराठी दिसतंय ना, मग झालं' असं समजणं. मायएसक्यूएलचा जुना यूटीएफ८ एका अक्षराला ३ बाइट्सच देतो, देवनागरी त्यात बसते, इमोजीला ४ लागतात. स्ट्रिक्ट मोड (चुकीचा डेटा नाकारणारी सेटिंग) चालू असेल तर निदान १३६६ एरर येतो, बंद असेल तर इमोजीपासून पुढचा सगळा मजकूर कापला जाऊ शकतो आणि फक्त वॉर्निंग येते, जी कोणी वाचत नाही. म्हणून नेहमीच्या बॅकअपला डंप आणि रिस्टोअर दोन्हीकडे यूटीएफ८एमबी४ स्वतः लिहून द्या.

विंडोजवाल्यांनो, जुन्या पॉवरशेलमध्ये (विंडोजची कमांड चालवायची खिडकी) डंपचं आउटपुट बाणाच्या खुणेने (>) फाइलमध्ये वळवू नका, ती फाइल यूटीएफ१६ या वेगळ्या एन्कोडिंगमध्ये बनते आणि रिस्टोअर अडतो. त्याऐवजी डंपच्या कमांडमधला रिझल्ट-फाइल पर्याय वापरा. फोटो वगैरे बायनरी (मजकूर नसलेल्या डेटाचे) कॉलम असतील तर हेक्स-ब्लॉब पर्यायही लावा.

आणि सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळा केलेला साधा मजकूर) बॅकअप एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका, मोबाइल नंबरापुढचं शून्य जातं, तारखांचा फॉरमॅट बदलतो. बघायचंच असेल तर नोटपॅड प्लस प्लसमध्ये उघडा.