‘ब्लूम’चे समानार्थी शब्द लिहिताना या चुका टाळा

गेली पंधराएक वर्षं मी इंदूरला, रामबागेतल्या घरीच इंग्रजीची शिकवणी घेते. सकाळी दहावी-बारावीची पोरं, संध्याकाळी भंवरकुआच्या कोचिंगमधून दमून आलेली पीएससी नाहीतर बँकेची तयारी करणारी. आणि दरवर्षी तेच एक पान माझ्यासमोर येतं: ब्लूम म्हणजे फ्लॉवर, ब्लॉसम, फ्लरिश, थ्राइव्ह, ओपन. एका दमात घोकलेलं, आणि मग निबंधात जिथे जो हाताला लागेल तो ठोकून दिलेला. समानार्थी म्हणजे अदलाबदल चालते असं यांना कोणी सांगितलं देव जाणे.

आमच्या इंदूरच्या घरांत याला एक जादा कारण आहे. पोरं दिवसभर हिंदीत बोलतात, त्यामुळे सगळ्याला एकच ‘खिलना’, आणि मराठी बोलतानाही ‘फूल खिललं’ म्हणतात. अरे, कळी उमलते, झाड फुलतं, वेल बहरते, आंब्याला मोहोर येतो, उसाला तुरा येतो! एवढे शब्द आजीच्या तोंडी असताना सगळ्याचं ‘खिलणं’ झालं की इंग्रजीतले बारकावे पकडायला हातात काही उरतच नाही. म्हणून माझ्याकडे नवीन आलेल्याला मी आधी मराठी शब्द विचारते, इंग्रजी मागून.

ब्लॉसम म्हणजे आपला मोहोर, हे एक लक्षात ठेवलं तरी अर्धं काम होतं. मुख्यतः फळझाडांची फुलं, झाडभर एकत्र आलेली: अॅपल ब्लॉसम, ऑरेंज ब्लॉसम, आणि बुटाच्या पॉलिशच्या डबीमुळे घराघरात पोचलेलं चेरी ब्लॉसम. गुलाबाला, जास्वंदीला, एकेका देखण्या फुलाला ब्लूम. मागच्या वर्षी एका मुलीने लिहिलं होतं, बाल्कनीत गुलाब ब्लॉसम होतोय आणि अंगणात आंबा ब्लूम होतोय. यात व्याकरणाचे मार्क कोणी कापणार नाही, पण कानाला खटकतं. तिला मी मागच्या अंगणात नेलं, माघ होता, आंब्याची फांदी खाली ओढून दाखवली, एका तुऱ्यावर शेकडो बारीक पिवळट फुलं, हात लावला की चिकट आणि खाली नुसता सडा. म्हटलं, यातलं एक फूल वेगळं काढून फुलदाणीत ठेवशील का? नाही ना, मग हा ब्लॉसम, आणि म्हणूनच झाडावरच्या अख्ख्या बहराला तो शब्द एकवचनीच चालतो, शेवटी ‘स’ लावायचा मोह आवरायचा. आता ती मुलगी चुकत नाही.

आता ज्या चुकीने माझा खरा जीव जळतो ती. माझ्या मावसबहिणीचा मुलगा भाषांतराची कामं घेतो, हुशार आहे पण भारी घाई. त्याच्याकडे द्राक्षाच्या पॅकिंगवाल्यांचं एक इंग्रजी पत्रक आलं, नाशिककडच्या कामगारांसाठी मराठीत करायचं होतं. मूळ वाक्याचा अर्थ असा होता की घड देठाला धरून उचला म्हणजे ब्लूम पुसला जाणार नाही. याने मोबाइलमधून काढलं आणि लिहिलं, ‘बहर पुसू नका’. तिकडून फोन आला की ताई-दादा सगळे विचारताहेत, बहर तर छाटणीनंतर वेलीवर येतो, पिकलेल्या घडावर कुठला बहर? मग घाबरून त्याने शब्द बदलून ‘भुरी’ केला! हे तर आणखी वाईट, भुरी हा द्राक्षावरचा बुरशीचा रोग आहे, म्हणजे ‘भुरी पुसू नका’ असं छापायला निघाले होते. रात्री दहाला मला फोन. मी त्याला घरी बोलावलं, फ्रिजमधून काळी द्राक्षं काढली, एक मणी त्याच्या हातात दिला आणि म्हटलं अंगठ्याने घास. घासलं तिथे काळीभोर चकचकीत पट्टी उमटली, बाकी मणी तसाच धुरकट निळसर. तो पांढरट थर म्हणजे ब्लूम, द्राक्षाचं स्वतःचं नैसर्गिक मेण, त्याने आतलं पाणी लवकर उडत नाही, आणि तो शाबूत असला की घड फार हाताळलेला नाही हे गिऱ्हाइकाला कळतं. लोक त्याला औषधाची फवारणी समजून खसाखसा घासतात ते वेगळंच. शेवटी आम्ही साधं लिहिलं: ‘द्राक्षावरचा नैसर्गिक पांढरट थर पुसू नका’. शब्दाला शब्द सापडला नाही तर वस्तू काय आहे ते सांगावं, मी नेहमी तेच करते.

जुन्या चॉकलेटवर पांढुरका डाग दिसतो तोही ब्लूमच, चरबी नाहीतर साखर वर आलेली, बुरशी नव्हे. तळ्यातल्या ‘अल्गल ब्लूम’ला शेवाळ फुललं म्हणू नका, शेवाळाला फूल येतच नाही, सांडपाण्यातून-खतांतून नायट्रोजन-फॉस्फरस आलं की ते बेसुमार वाढतं, तेवढंच लिहा. पोलादाच्या कारखान्यातला ब्लूम म्हणजे जाड चौकोनी ठोकळा. जुन्या ब्रिटिश गोष्टीतला ‘ब्लूमिंग इडियट’ म्हणजे फुलणारा मूर्ख नव्हे, ती सौम्य शिवी आहे. आणि बीएडवाल्यांनो, ब्लूमची टॅक्सॉनॉमी, म्हणजे शिकण्याच्या उद्दिष्टांची वर्गवारी, फुलांची नाही, बेंजामिन ब्लूम हे माणसाचं नाव आहे, १९५६ सालचं काम.

फ्लरिशचं मात्र थोडं थांबून बघा. मूळ लॅटिन फुलाचंच, पण आता त्यात फूल असायलाच हवं असं नाही, जोमाने वाढणं पुरे. आमच्या जिन्यातला मनीप्लांट दहा वर्षं फ्लरिश होतोय, फूल एकदाही नाही, तिथे ब्लूम लिहिलंत तर खोटं होईल. वडिलांचा धंदाही फ्लरिश होतो, ब्लूम नाही. उच्चार फ्लरिश, ‘फ्लोरिश’ नको. ट्यूबलाइटच्या फ्लुओरेसंटचा तर या घराण्याशी संबंधच नाही, तो शब्द फ्लुओरस्पार या खनिजावरून आलाय, स्पेलिंग घोळू नका.

माझी सवय सांगते, पद्धत वगैरे काही नाही. वहीत नुसता शब्द लिहायचाच नाही, शेजारी कोण ते लिहायचं: झाड, एकटं फूल, फळ, माणूस, धंदा. मग डिक्शनरीतली तीन उदाहरणं मोठ्याने वाचायची. पोरं म्हणतात मॅडम एवढा टाइम कुठे, मोबाइलवर दोन सेकंदात लिस्ट येते. येते ना, पण ती लिस्ट ‘कोण’ सांगत नाही, आणि तेच तर शिकायचं असतं.

विरुद्धार्थीतही हेच बघा. ब्लूमसमोर सगळे विल्ट घोकतात. विल्ट म्हणजे माना टाकणं: दुपारच्या उन्हात तुळस मान टाकते, संध्याकाळी तांब्याभर पाणी घातलं की पुन्हा उभी राहते. विदर म्हणजे वाळून जाणं, मग कितीही पाणी घाला.